रंगवलेला कान

१

"डबा आमच्या दुकानातला आणि आतला माल तुमच्या बाकड्यावरचा! आमचा कोरा चोरून दिवसाढवळ्या हातसफाई केलीत, भाऊजी!"

वहिनींचा आवाज मुळातच खणखणीत. रागावल्या की तो आवार ओलांडून रस्त्यापलीकडे पोचतो. भाऊजी म्हणजे त्यांचा धाकटा दीर, माझा धाकटा मेहुणा. तो तेलकट फडक्याला हात पुसत नुसता उभा राहिला. समोरच्या टेबलावर एक अल्टरनेटर पडला होता. गाडी चालू असताना बॅटरी भरत राहावी म्हणून इंजिनाशेजारी जे गरगर फिरत असतं, ते हे यंत्र. वरून चंदेरी, चकचकीत. पण काढताना पक्कड मिस्त्रीच्या हातून त्यावर पान्याची एक रेघ ओढली गेली होती आणि त्या रेघेत रंगाखालचं जुनं, काळपट अंग उघडं पडलं होतं. शेजारीच ठशाने मारलेले तीन बारीक ठिपके. ही धाकट्याची खूण. त्याच्या हातून दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्रावर ती असते.

पक्कड म्हणजे आमचा गाडी-मिस्त्री. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून हे नाव पडलं. माझ्या बायकोची गाडी सकाळी भर चौकात बंद पडली, ती त्यानेच ओढून आणली होती. आठवड्यापूर्वी थोरल्या भावाच्या दुकानातून घेतलेला डबाबंद अल्टरनेटर त्यानेच बसवला होता, आणि आज काढलाही त्यानेच.

आता माणसं नीट सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच गोंधळाल. या आवारात पुढच्या बाजूला थोरल्याचं सुट्या भागांचं दुकान. सगळा माल कोरा, डबाबंद. काउंटरवर त्याची बायको, म्हणजे वहिनी. आवाराच्या मागच्या बाजूला धाकट्याचं वर्कशॉप. तिथे जुन्याचं नवं होतं. धाकट्याने लग्न केलेलं नाही. दोन्ही वेळा तो वहिनींच्याच हातचं जेवतो, आणि मीठ कमी आहे हे दोन्ही वेळा सांगतो. माझी बायको या दोघांची मोठी बहीण, सगळ्यांची ताई. आईवडील गेल्यावर हिच्यासाठी माहेर म्हणून उरलं ते हे आवार. मी निवृत्त भूगोल शिक्षक. मला नकाशावर कुठलीही नदी दाखवता येते, पण बॉनेट कुठून उघडतं ते विचारू नका.

"चोर म्हणालात ना वहिनी?" धाकटा हळू आवाजात म्हणाला. "मग चोरासोबत एका आवारात राहू नका. मधे भिंत घाला. गवंड्याला मीच सांगतो."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती खाली बघायला लागली. मी थोरल्याकडे पाहिलं. चहात साखर जास्त झाली तरी तासभर बोलणारा हा माणूस. आज तो काउंटरमागे काचेवरची धूळ पुसत होता. "जाऊ दे ना," एवढंच तो म्हणाला, तेही काचेला.

धाकट्याने तिथेच उभं राहून गवंड्याला फोन लावला.

२

अल्टरनेटर बदलायचा हे ठरलं तेव्हा आमच्या घरी जी चर्चा झाली, तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

बायको घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करते. इंजेक्शनं, मलमपट्ट्या, कूस बदलणं. गाडी म्हणजे तिचे पाय. नवा घ्यावा तर डबा, गॅरंटी, झंझट नाही. पण आमची गाडी वयस्कर. तिच्या मापाचे कोरे अल्टरनेटर हल्ली कुणीही बनवतं, आणि अंगाने हलके असतात. रीकंडिशन, म्हणजे जुनाच दुरुस्त केलेला, घ्यावा तर अंग मूळचं, जाडजूड, पण आत काय बदललं आणि काय नुसतं पुसून ठेवलं हे करणाऱ्याच्या हातावर. आतले झिजलेले ब्रश तेवढे बदलून 'नवा केला' म्हणणारे बाजारात पोत्याने मिळतात. आमचा धाकटा मात्र बेअरिंगपासून रेग्युलेटरपर्यंत सगळं काढतो.

"म्हणजे धाकट्याकडचा घ्यावा," मी म्हणालो.

"अहो, मागचा स्टार्टर धाकट्याकडून घेतला. आता थोरल्याची पाळी. लागोपाठ दोनदा मागच्या दाराने गेले तर पुढच्या दाराला काय वाटेल?"

माहेरचं राजकारण ते. आपण गप्प बसावं.

ती थोरल्याकडे गेली तेव्हा मी सोबत होतो. थोरल्याचं गिऱ्हाइकांना ठरलेलं भाषण असतं, "जुनं ते जुनंच हो, कितीही घासा." ते त्याने त्या दिवशीही कुणाला तरी ऐकवलं. मागे वर्कशॉपपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. दुसऱ्या दिवशी त्याने डबा काउंटरवर ठेवला. वहिनींनी त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे डबा उघडला, माल उजेडात फिरवून दाखवला, "बघून घ्या वन्सं, नंतर तक्रार नको," म्हणाल्या आणि परत बंद केला. हा शिरस्ता त्या मोडत नाहीत. उद्या त्यांचा सख्खा भाऊ आला तरी डबा उघडूनच देतील.

पक्कडने तो बसवला. काही दिवस गाडी बरी चालली. समोरचा बॅटरीचा लाल दिवा अधूनमधून मिणमिणायचा. "नवा आहे, रुळेल," असं मीच म्हणालो होतो. माझं मत कुणी विचारात घेऊ नये हे खरं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

३

"भिंत उद्या सकाळी सुरू होणार," बायको म्हणाली. "माझ्याकडे आजचा दिवस आहे."

तिने आपल्या रोग्यांकडे सोबतिणीला पाठवलं आणि आवारातल्या पायरीवर बसली. रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, पण पदराचं टोक तिने इतकं पिळलं की शेवटी मीच ते सोडवलं.

"भिंत झाली तर मी आले की कुठल्या दाराने जायचं हो? एकाकडे चहा घेतला तर दुसऱ्याकडे जेवायचं, आणि दोन्हीकडे घड्याळ बघत बसायचं. ते माहेर नव्हे, ते इन्स्पेक्शन."

मग ती उठली आणि थेट पक्कडकडे गेली. तो कुणाच्या तरी गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे पाय.

"पक्कड, डबा तुझ्या हातात आला तेव्हा बंद होता?"

"बंद होता, ताई." पाय म्हणाले.

"आतला माल बघून काही वाटलं नाही?"

"मी काय बघणार? काढला, बसवला."

"बाहेर येऊन सांग."

"हात काळे आहेत ताई."

ती मागे वर्कशॉपमध्ये गेली. धाकटा तोंड फुगवून एका मोटरच्या तारा सोडवत होता.

"धाकट्या, या गाडीच्या मापाचा अल्टरनेटर तू अलीकडे कुणाला दिलास?"

"एकच दिला. पक्कडला. त्याचं कुणी गिऱ्हाईक होतं म्हणे." बोलता बोलता त्याच्या हातातली तार थांबली. "ताई! म्हणजे पक्कडने माझा स्वस्तातला माल तुझ्या गाडीत घातला आणि दादाचा कोरा लंपास केला!"

मला सगळं लख्ख दिसलं. पक्कडच! तो गाडीखालून बाहेर का येत नव्हता तेही कळलं. मी त्याला पकडायला निघालोसुद्धा.

"थांबा हो," बायको म्हणाली. "आधी रोगी तपासू. धाकट्या, हा बाकड्यावर चालवून दाखव."

धाकट्याने अल्टरनेटर शिकंज्यात धरला, तारा जोडल्या, मोटरचा पट्टा चढवला. यंत्र घुमायला लागलं आणि बाकड्यावरच्या मीटरचा काटा सरसर वर चढून जिथे असायला हवा तिथेच जाऊन उभा राहिला.

"ठणठणीत आहे," धाकटा पुटपुटला. "याला काहीच झालेलं नाही. मग गाडी बंद पडलीच कशी?"

४

"दवाखान्यात ताप नसतो आणि घरी गेला की चढतो, असे रोगी मी रोज बघते," बायको म्हणाली. "अशा वेळी विचारायचं, दवाखान्यात असं काय आहे जे घरी नाही?"

ती वाकून बघायला लागली. धाकट्याने मोटरचा एक पट्टा आणि दोन तारा जोडल्या होत्या. त्यातल्या एका तारेच्या टोकाला चिमटा होता, आणि तो त्याने पक्कडच्या हातून उमटलेल्या त्या रेघेवर लावला होता. तिथे धातू उघडा होता म्हणून.

"गाडीत हा चिमटा असतो का?"

"नाही ताई. गाडीत याचे कान बोल्टने घट्ट बसतात, तोच चिमटा." अल्टरनेटरला दोन बाजूंना जी भोकं पाडलेली जाड टोकं असतात, त्यांना मिस्त्री लोक कान म्हणतात. तेवढं मलाही समजलं.

"मग चिमटा कानाला लाव."

त्याने लावला. काटा खाली कोसळला. परत रेघेवर लावला, चढला. कानाला लावला, पडला.

धाकट्याने कानावर नख ओढलं. चंदेरी रंगाचा जाड थर निघाला. कानाच्या दोन्ही बाजूंना, भोकाच्या आतसुद्धा रंग.

"अरे देवा," तो म्हणाला. "याला अर्थच मिळाला नाही!"

"कशाला?" मी विचारलं. आयुष्यभर मुलांना नकाशातल्या खुणांचा अर्थ विचारला, पण लोखंडाचा अर्थ पहिल्यांदाच ऐकत होतो.

"अर्थ हो, मास्तर! अर्थिंग! वीज परत जायला वाट लागते ना? ती कानातून जाते. कान रंगवला की वाट बंद. थोडीफार बोल्टच्या आट्यांमधून जात असेल, म्हणून दिवा मिणमिणायचा. आणि बॅटरी बिचारी हळूहळू रिकामी झाली." तो आता खरा चिडला होता. चोर म्हटल्यावर चिडला होता त्याहून जास्त. "कुठल्या गाढवाने रंगवला हा? मी मुळात रंग देतच नाही. आणि द्यायचा झाला तर कानांना चिकटपट्टी लावल्याशिवाय कुंचला उचलणार नाही. शिकाऊ पोरसुद्धा हे करणार नाही!"

बायकोचे डोळे बारीक झाले. रोग सापडला की ते होतात.

"म्हणजे रंगवणारा तू नाहीस. बरं. वहिनींकडे चला."

वहिनी काउंटरवर होत्या. राग उतरला होता, पण उतरल्याचं दाखवायचं नव्हतं. बायकोने त्यांना एकच विचारलं, "वहिनी, दुकानात असं कुठलं कपाट आहे ज्यात तुमचा हात पोचत नाही?"

"ते वरचं. त्यात हे जुने पंखे ठेवतात. का हो वन्सं?"

मी उंच आहे. निदान एवढ्या कामाला तरी मी लागतो. स्टुलावर चढलो, पंख्यांच्या पात्यांमागे हात घातला आणि हाताला टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. खाली आणून टॉवेल उलगडला.

आत कोरा करकरीत अल्टरनेटर होता. न वापरलेला, न बसवलेला, बिनडब्याचा.

वहिनींनी तो उचलून उजेडात फिरवून पाहिला. "अगं बाई! चोराने चोरून आमच्याच दुकानात ठेवला?"

५

दुपारी बायकोने सगळ्यांना आवारात बोलावलं. पक्कड शेवटी गाडीखालून निघाला. थोरला आला, तो मात्र पायरीवर कडेला बसला.

"चोरीला काहीच गेलेलं नाही," बायको म्हणाली. "थोरल्याचा कोरा माल थोरल्याच्याच कपाटात आहे. धाकट्याचा माल पक्कडने घेतला, तोही रीतसर पैसे देऊन. मग हे केलं कुणी आणि कशाला? मला आधी पक्कडचा संशय आला."

"ताई, मी..." पक्कड म्हणाला.

"गप रे. तू नाहीस. तुला मला फसवायचं असतं तर रंगाची गरज काय होती? मी काय बॉनेट उघडून बघते? यांना तर ते उघडतही नाही." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडीत घालायच्या वस्तूला कुणी नटवत नाही. नटवली ती कुणाच्या तरी डोळ्यांसमोरून जायची होती म्हणून. आणि डबा उघडून, माल उजेडात फिरवून बघणारे डोळे या आवारात एकाच व्यक्तीचे आहेत."

वहिनींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मला फसवायला?"

"तुम्हाला. म्हणजे रंगवणारा तुमच्या काउंटरवरून तो डबा पुढे सरकवणारा होता. आणि रंगवणाऱ्याला कानाचं महत्त्व ठाऊक नव्हतं. त्याने आयुष्यभर बंद डबे विकले, आतलं यंत्र हातात घेऊन कधी बसवलं नाही. पक्कडला आणि धाकट्याला कान ठाऊक आहेत. वहिनी, तुम्ही स्वतःलाच फसवायला रंगवणार नाही. राहिला कोण?"

तिने एकेकाकडे पाहिलं.

"आणि एक सांगते. जो रोगी ओरडतो, त्याला थोडा वेळ ओरडू द्यावं. जो गप्प पडून असतो, त्याच्याकडे आधी जावं. आज सकाळपासून या घरात गप्प कोण आहे?"

थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पण त्याचा स्वतःचा माल सोडून तो धाकट्याचा माल मला का देईल?" मी न राहवून विचारलं. "तू तर नवा मागितला होतास!"

"मी नवा मागितला नव्हता, अहो. तुम्ही शेजारीच उभे होतात. मी म्हणाले, 'थोरल्या, नवा-जुना मला कळत नाही. चांगला असेल तो दे.' सगळ्यांनी आपापल्या मनाने नवा ऐकलं. एकानेच बरोबर ऐकलं."

ती थोरल्याशेजारी पायरीवर जाऊन बसली. "हो की नाही रे?"

६

थोरला उठला.

"तू रात्री-अपरात्री कुठेकुठे जातेस," तो म्हणाला. "रोगी वाट बघत असतात. माझ्या डब्यातला अल्टरनेटर कुणी बनवला, कसा बनवला, मला काय माहीत? गिऱ्हाइकाला देतो, चालतो बरेचदा. पण तो तुला द्यायला हात पुढे होईना. धाकट्याने केलेला कोणी केलाय ते मला माहीत आहे."

धाकट्याने मान खाली घातली.

"मग सरळ सांगायचं!" वहिनी म्हणाल्या.

"कसं सांगू? रोज या काउंटरवरून 'जुनं ते जुनंच' म्हणतो. आणि स्वतःच्या बहिणीला... म्हणून पक्कडला मधे घातलं. रंगवला, डब्यात ठेवला. पक्कड, तुला तरी कान दिसला असेल ना?"

"दिसला की, दादा," पक्कड काकुळतीला येऊन म्हणाला. "खरवडायला पाहिजे होता. पण खरवडला असता तर खालचं जुनं अंग दिसलं असतं, आणि तुम्ही शपथ घातलेली, कुणाला कळू द्यायचं नाही. म्हटलं, बोल्ट घट्ट आवळू, भागेल."

म्हणजे ज्या गुपितासाठी एवढा खटाटोप, त्या गुपितानेच गाडी बंद पाडली. भूगोलाच्या तासाला असं काही सांगितलं असतं तर मुलांना पटलं नसतं.

"आज सकाळीच बोलणार होतो," थोरला धाकट्याकडे न बघता म्हणाला. "गिऱ्हाइकं उभी होती. जीभ उचलली नाही. तेवढ्यात तू भिंत म्हणालास. चुकलंच माझं."

वहिनी पुढे झाल्या. "भाऊजी, माझी जीभ तर उचलली, आणि फार उचलली. मला माफ करा."

धाकट्याने अल्टरनेटर उचलला आणि कानावरचा रंग नखाने खरवडून पाहिला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. बायकोने माझा हात धरला होता.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "रंग कुठला वापरलास?"

"खिडकीच्या गजांचा उरला होता तो."

"गजांचा?" धाकट्याचा आवाज चढला. "इंजिनाशेजारी खिडकीचा रंग? अरे, माझ्या हातचं यंत्र ते! त्याला तू गज समजलास?"

"मग काय समजू? तू तरी माल जरा दिसायला बरा करून ठेवावास! काळाकुट्ट! असा काउंटरवर ठेवला तर गिऱ्हाईक पळून जाईल!"

"काउंटरवर कोण ठेवतोय माझा माल?"

"मी ठेवतोय! उद्यापासून! तुझे तीन ठिपके दिसतील असा ठेवतोय! बघू कोण अडवतं!"

"नाही द्यायचा मला!"

"देशील! थोरला भाऊ आहे मी तुझा!"

पक्कडने मुकाट्याने कानस उचलली आणि कान खरवडायला घेतला, तर दोघे एकदम त्याच्यावर धावले. धाकटा म्हणाला अशी कानस धरतात का, आणि थोरला म्हणाला, आता त्याला तरी नीट करू दे. वहिनी आतून ओरडल्या, पानं वाढली आहेत, आणि कुणीही ऐकलं नाही. धाकट्याने एका हाताने कान घासत दुसऱ्या हाताने फोन काढला, गवंड्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं आणि फोन खिशात जायच्या आत पुन्हा भांडायला लागला.

संध्याकाळी अल्टरनेटर बसला. बायको गाडीत बसली, किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, विझला आणि विझलेलाच राहिला. बाहेर दोघांचा आवाज टिपेला पोचला होता. आता वाद आईच्या हातचा कुणाला जास्त मार बसायचा यावर आला होता.

"अगं, मिटव की ते," मी म्हणालो. "भांडताहेत."

"भांडू द्या हो," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "भिंत झाली की भांडत नाहीत. 'या, बसा, चहा घेणार का,' असं बोलतात."

मग तिने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि आईच्या माराचा खरा हिशेब आपल्यालाच ठाऊक आहे असं ओरडत ती त्या दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.